जुन्या सीएनसी लेथचे पॅरामीटर पुसले गेले तर काय करावे?



ऊस विकास अधिकाऱ्याने लागण, खत, पाणी आणि खोडवा यांवर लिहावे; लेथ मशीनशी त्याचा काय संबंध, असे काही जण म्हणतील. पण गटागटातून फिरताना एक गोष्ट दिसते. कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहतींच्या आसपासच्या गावांतून शेतकऱ्यांची मुले आता शेडमध्ये एखादे-दुसरे मशीन टाकून जॉबवर्क करतात. बापाचा ऊस कारखान्याला आणि पोराचा लेथ रस्त्याकडेच्या शेडात, अशी घरे आता थोडी राहिलेली नाहीत. नवे मशीन परवडत नाही म्हणून वीस-तीस वर्षांचे जुने सीएनसी लेथ घेतले जाते. त्यात उसाच्या बिलाचे पैसे असतात, सोसायटीचे किंवा बँकेचे कर्ज असते. असे मशीन एका सकाळी सुरूच झाले नाही, तर हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून हा विषय सभासदांच्या घरचाच आहे.

मी शेतकी पदविकेचा माणूस. या लेखातली यंत्राची माहिती आपल्या कारखान्याच्या वर्कशॉपमधील फोरमन आणि जाणकार फिटर मंडळींबरोबर बसून, प्रत्यक्ष मशीनपुढे उभे राहून समजून घेतली आहे. ती शेतकऱ्याला कळेल अशा भाषेत मांडतो.

पॅरामीटर म्हणजे काय?

साध्या लेथवर कारागीर हाताने चाक फिरवून हत्यार पुढे-मागे नेतो. सीएनसी लेथवर ते काम मोटरी करतात आणि मोटरींना हुकूम देणारा एक मेंदू मशीनला जोडलेला असतो. त्याला कारागीर मंडळी नुसते 'कंट्रोल' म्हणतात. आपल्या भागातल्या जुन्या लेथांवर फॅनुक या जपानी कंपनीचे पिवळ्या रंगाचे कंट्रोल बरेच दिसते. ही कंपनी १९७२ साली फुजित्सू कंपनीतून वेगळी झाली. तिची 'झिरो' मालिका १९८० च्या दशकात आली आणि पुढे बरीच वर्षे चालली. लेथसाठी असलेल्या कंट्रोलला 'झिरो-टी' म्हणतात. हा लेख मुख्यतः त्या कंट्रोलला धरून आहे. दुसऱ्या कंपनीचे कंट्रोल असेल तर बटणे आणि क्रमांक बदलतील, तत्त्व तेच राहील.

आता असे समजा, की एकाच कंपनीचे एकच कंट्रोल लहान लेथवरही बसते आणि मोठ्यावरही. मग आपण कोणत्या मशीनवर बसलो आहोत हे त्याला कसे कळायचे? स्क्रूचा आटा किती, मोटर कोणती, टरेट किती लांब जाऊ शकतो, स्पिंडल जास्तीत जास्त किती फेऱ्यांनी फिरवायचा, घरचा बिंदू कुठे आहे, ही सगळी माहिती मशीन बनवणारा शेकडो आकड्यांच्या रूपाने कंट्रोलमध्ये भरतो. त्या आकड्यांना पॅरामीटर म्हणतात. जमिनीला जसा सात-बारा, तसे मशीनला पॅरामीटर. रान तेच असले तरी कागद हरवला की मालकालाही काही करता येत नाही, तशीच गत होते.

हे आकडे जातात कसे?

कंट्रोलमध्ये दोन प्रकारची स्मृती असते. एक कायमची. तिच्यात कंपनीचा मूळ कार्यक्रम असतो, आणि झिरो मालिकेत मशीनच्या स्विच-रिलेंचा 'लॅडर' नावाचा कार्यक्रमही चिपवर कायमचा बसवलेला असतो. वीज गेली, बॅटरी संपली तरी तो जात नाही. दुसरी स्मृती सतत थोडी वीज मिळत असेल तरच टिकते. मशीन चालू असताना तिला मशीनची वीज मिळते, बंद असताना बॅटरीची. पॅरामीटर, जॉबचे प्रोग्रॅम आणि हत्यारांचे ऑफसेट या दुसऱ्या स्मृतीत असतात.

झिरो मालिकेच्या मशीनवर बहुधा टॉर्चमध्ये घालतात तसले मोठे, 'डी' मापाचे तीन अल्कलाइन सेल एका डबीत असतात. तिघांचे मिळून साडेचार व्होल्ट. सारा जीव त्या तीन सेलांवर. सेल उतरू लागले की पडद्याच्या खालच्या कडेला 'बॅट' ही इंग्रजी अक्षरे लुकलुकू लागतात. मशीन तरीही व्यवस्थित चालते, आणि घोटाळा इथेच होतो. "काय बी होत नाही साहेब, ते अक्षर गेल्या दिवाळीपासनं दिसतंय," असे मी स्वतः ऐकले आहे. रोज चालणाऱ्या मशीनवर ते खपून जाते. पण मशीन पंधरा-वीस दिवस बंद राहिले की सगळा भार बॅटरीवर येतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात किंवा २०२० च्या टाळेबंदीत शेड बंद राहिले, तशा वेळी बॅटरीची खरी परीक्षा असते. शेड उघडून बटण दाबावे, तर पडद्यावर नुसते अलार्म.

बॅटरीखेरीज इतरही कारणे आहेत. सेल बदलताना मशीनची वीज बंद ठेवणे, सेल गळून डबीचे टोक गंजणे, स्मृतीचे कार्ड काढून पुन्हा बसवणे, विजेचा जोराचा झटका, अर्थिंग नसणे, आणि कुणीतरी चुकीची दोन बटणे दाबून मशीन सुरू करणे. त्या दोन बटणांविषयी पुढे लिहिले आहे.

सेल कसे बदलावेत?

सेल बदलताना कंट्रोलची वीज चालू असली पाहिजे. आपली सवय उलट असते. मोटरीचे काम असो की स्टार्टरचे, आधी मेन स्विच बंद करायचा. ती सवय चांगली आहे, पण इथे सेल काढले आणि वीजही बंद असली तर स्मृतीला दोन्हीकडून उपास घडतो आणि आकडे जातात. म्हणून कंट्रोल चालू, एमर्जन्सी स्टॉपचे लाल बटण दाबलेले, आणि मग डबीचे झाकण काढून सेल बदलावेत. डबी कॅबिनेटच्या आत असेल तर तिथे जिवंत वीज असते. अशा वेळी इलेक्ट्रिशियनलाच हात घालू द्यावा.

तिन्ही सेल एकदम, नवे, एकाच बनावटीचे आणि अल्कलाइन घालावेत. वर्षातून एकदा, अक्षरे दिसोत वा न दिसोत, सेल बदलावेत. गव्हाणीच्या पूजेच्या दिवशी बदलायचे असे ठरवले तर विसर पडणार नाही. काही मशीनांवर मोटरीच्या एन्कोडरसाठी आणखी एक, चार सेलांची डबी असते. ती संपली तर मशीनला घरचा बिंदू आठवत नाही. ती डबी आहे का, हे आजच पाहून ठेवावे.

आकडे गेलेच, तर पहिल्या तासात काय करावे?

पहिला नियम, घाई करू नये. मशीन पुन्हापुन्हा बंद-चालू करू नये. पडद्यावर जो अलार्म आहे त्याचा क्रमांक लिहून घ्यावा. झिरो मालिकेत ९१० किंवा ९११ क्रमांक आला, तर स्मृतीतल्या आकड्यांचा मेळ बसत नाही असा त्याचा अर्थ. पण प्रत्येक वेळी सगळे पुसलेले असतेच असे नाही. पॅरामीटरची पाने उघडत असतील तर प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढावा. त्यातले काही आकडे बिघडलेले असतील, तरी पुढे ताडून पाहायला त्यांचा उपयोग होतो.

दुसरे काम कागद शोधण्याचे. मशीन बनवणाऱ्याने त्या एका मशीनचे पॅरामीटर छापून बहुधा कॅबिनेटच्या दाराच्या आतल्या खिशात ठेवलेले असतात. जुन्या मशीनबरोबर कागदी पट्टीची गुंडाळी किंवा फ्लॉपीही मिळत असे. मशीन विकत घेताना हा खिसा रिकामा नाही ना, हे पाहणे म्हणजे रान घेताना फेरफार पाहण्यासारखेच आहे. कागद नसेल तर मशीनच्या पाटीवरचा अनुक्रमांक घेऊन बनवणाऱ्याकडे लिहावे. अनुक्रमांकावरून मूळ यादी मिळू शकते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कागद हातात आल्याशिवाय स्मृती साफ करू नये.

दुसऱ्या मशीनचे आकडे चालतात का?

हा प्रश्न हमखास येतो. "शेजारच्या शेडात असलंच मशीन आहे, त्याचं उतरवून घेऊ." एकाच बनावटीच्या दोन मशीनांचे बरेचसे आकडे सारखे असतात हे खरे. पण जे वेगळे असतात तेच घात करतात. घरच्या बिंदूची बारीक जुळणी, स्क्रूतली ढिलाई म्हणजे बॅकलॅश, स्क्रूच्या आट्यातील फरकाची भरपाई, टरेटच्या हद्दी, बसवलेल्या चकप्रमाणे ठरवलेली फेऱ्यांची मर्यादा, हे त्या-त्या मशीनचे स्वतःचे असते.

आमच्या एका गटात असे घडले. शेजारच्या मशीनचे आकडे जसेच्या तसे भरले, मशीन सुरू झाले, सगळ्यांना आनंद झाला. पण ज्या मशीनचे आकडे होते त्याचा चक लहान होता आणि टरेटची हद्द पुढेपर्यंत होती. पहिल्याच वेगाच्या हालचालीत टरेट चकवर जाऊन आदळला. माणूस बाजूला उभा होता म्हणून वाचला. आकड्यांचे काम दोन दिवसांचे होते. टरेटच्या दुरुस्तीत त्या पोराचे दोन हप्ते चुकले आणि वडिलांच्या उसाच्या बिलातून ते भरावे लागले. जुळ्या मशीनची यादी शेवटचा आधार म्हणून घ्यावी लागली, तरी वरचे सगळे आकडे आपल्या मशीनवर मोजून पुन्हा ठरवावेत.

आकडे परत भरण्याचा क्रम

१) आधी मूळ कारण दूर करावे. नवे सेल घालावेत, डबीची टोके साफ करावीत, अर्थिंग तपासावे. नाहीतर आज भरलेले उद्या पुन्हा जाईल. फुटक्या पाटात पाणी सोडण्यात अर्थ नाही.

२) ९१० किंवा ९११ चा अलार्म हटत नसेल तर स्मृती पूर्ण साफ करावी लागते. झिरो मालिकेत 'रिसेट' आणि 'डिलीट' ही दोन्ही बटणे दाबून धरून कंट्रोल चालू केले की सगळे पुसले जाते. पॅरामीटर, प्रोग्रॅम, ऑफसेट, काहीच राहत नाही. आधी ज्या दोन बटणांचा उल्लेख केला ती हीच. शिकाऊ पोरांना ही बटणे 'गंमत म्हणून' दाखवू नयेत.

३) एमर्जन्सी स्टॉप दाबलेला असू द्यावा. तो शेवटच्या तपासणीपर्यंत सोडू नये. सेटिंगच्या पानावर 'पीडब्ल्यूई' असे लिहिलेले असते. ती पॅरामीटर लिहिण्याची परवानगी. तिथे १ घातला की कुलूप उघडते आणि १०० क्रमांकाचा अलार्म येतो. हा अलार्म बिघाडाचा नाही. 'कुलूप उघडे आहे, सांभाळा' एवढेच तो सांगतो.

४) प्रथम ९०० पासूनचे पॅरामीटर हाताने भरावेत. या मशीनबरोबर कोणकोणत्या सोयी घेतल्या आहेत हे ते कंट्रोलला सांगतात. यादीत आहे तेवढेच भरावे, जास्तीच्या सोयी मिळतील या आशेने एकही आकडा बदलू नये. इथे ००० क्रमांकाचा अलार्म येईल. त्याचा अर्थ, वीज बंद करून पुन्हा चालू करा. तसे करून, परवानगी अजून १ आहे ना ते पाहून पुढे जावे.

५) मग उरलेले. संगणकावर जुना बॅकअप असेल तर केबलने भरता येतात. तो नसेल तर एकेक आकडा हाताने भरावा लागतो.

६) सर्व भरून, ताडून झाल्यावर परवानगी पुन्हा ० करावी आणि 'रिसेट' दाबावे. कुलूप उघडे ठेवून मशीन कामाला लावू नये.

हाताने भरताना

यातले बरेच पॅरामीटर साध्या आकड्याचे नसतात. आठ घरांची एक ओळ असते आणि प्रत्येक घरात शून्य किंवा एक. ही घरे उजवीकडून मोजतात आणि मोजणी शून्यापासून सुरू होते. म्हणजे अगदी उजवीकडचे घर शून्याचे आणि अगदी डावीकडचे सातचे. प्रत्येक घर म्हणजे एक हो-नाही. एक घर चुकले तर काय होते याचा नमुना पाहा. लेथवर आडव्या अक्षाचे माप बहुधा व्यासाने धरतात. ते ठरवणारे घर चुकून त्रिज्येचे झाले, तर १० मिलिमीटरचा हुकूम दिल्यावर जॉबचा व्यास २० मिलिमीटरने बदलेल. असेच एक घर मिलिमीटर की इंच हे ठरवते. एका शून्याची किंमत इतकी.

साध्या आकड्यांतही एकक समजून घ्यावे. बॅकलॅशच्या पॅरामीटरात १२ लिहिले असेल तर ते १२ मिलिमीटर नव्हेत, हजारांशाच्या हिशेबाने ०.०१२ मिलिमीटर असतात. वजाचे चिन्ह असेल तर ते सुटता कामा नये.

म्हणून हे काम एकट्याने करू नये. काट्यावर जसा एक जण वजन वाचतो आणि दुसरा पावतीवर लिहितो, तशी दोन माणसे हवीत. एकाने यादीतला क्रमांक आणि आकडा मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने तो म्हणत भरावा, पहिल्याने यादीवर पेन्सिलीने खूण करावी. सगळे झाले की जागा बदलाव्यात. आता दुसऱ्याने पडद्यावरून वाचावे आणि पहिल्याने यादी तपासावी. रात्री उशिरा, दमलेल्या डोळ्यांनी हे काम पुरे करण्याचा हट्ट धरू नये. शंभर आकड्यांनंतर तीन आणि आठ सारखेच दिसू लागतात. तोपर्यंत मशीन चालू ठेवून सकाळी पुढे चालू करावे. नवे सेल घातलेले असल्याने वीज गेली तरी भरलेले जाणार नाही.

सर्व्हो मोटरीच्या आकड्यांबद्दल घाबरायचे कारण नाही. नंतरच्या डिजिटल सर्व्होच्या मशीनांवर मोटरीचा सांकेतिक क्रमांक बरोबर घातला की पुष्कळ ठरावीक आकडे कंट्रोल स्वतः भरून घेते. मात्र तो क्रमांक मोटरीच्या पाटीवरूनच ठरवावा, अंदाजाने नव्हे.

केबलने भरताना

जुन्या कंट्रोलवर पंचवीस पिनांचे एक जोडतोंड असते. आजच्या लॅपटॉपला ते तोंड नसते, म्हणून मधे यूएसबीचा जोड घ्यावा लागतो. दोन्हीकडचा वेग आणि अक्षरांची रचना सारखी असावी लागते. झिरो मालिकेत बहुधा वेग ४८०० किंवा ९६००, सात बिट, सम पॅरिटी आणि दोन स्टॉप बिट असे असते. हे जुळले नाही तर आकडे येत नाहीत किंवा भलतेच येतात. स्मृती साफ केल्यावर हा वेग ठरवणारे पॅरामीटरही गेलेले असतात, हे ध्यानात ठेवावे. म्हणजे तेवढे तरी आधी हातानेच भरावे लागतात.

केबल जोडताना मशीन आणि लॅपटॉप दोन्ही बंद असावेत. लॅपटॉप चार्जरवर न ठेवता त्याच्या बॅटरीवर चालवावा. अर्थिंग धड नसलेल्या शेडात चार्जर लावलेल्या लॅपटॉपमुळे कंट्रोलचे तोंडच जळाल्याची उदाहरणे फिटर मंडळी सांगतात.

केबलने पॅरामीटर आले म्हणजे सगळे आले, असे नाही. टायमर, काउंटर आणि कीप रिले यांचे आकडे वेगळ्या पानावर असतात. चक पकडायला किती वेळ द्यायचा, तेलाचा पंप किती वेळाने चालवायचा हे त्यांत असते. ते राहिले तर मशीन चालते पण टरेट मधेच अडतो, किंवा स्लाइडला तेल मिळत नाही आणि ते महिन्याभराने कळते. स्क्रूच्या भरपाईचा तक्ता, मॅक्रोचे आकडे आणि मशीन बनवणाऱ्याने घातलेले ९००० क्रमांकापुढचे झाकलेले प्रोग्रॅम, हेही वेगळे पाहावे लागतात.

मशीन सोडण्यापूर्वीची तपासणी

सगळा धोका इथे आहे. आकडे चुकले असतील तर ते आता हालचालीत दिसतात.

चकमध्ये जॉब नको, टरेटवर लांब हत्यार नको. दार बंद, एक हात लाल बटणापाशी, समोर दुसरे कोणी उभे नाही. वेगाचे बटण सर्वांत कमीवर. मग एमर्जन्सी सोडावी. स्लाइड आपोआप सरकू लागली किंवा मोटर गुरगुरली तर त्याच क्षणी लाल बटण दाबावे आणि पुढे हात लावू नये. जाणकाराला बोलवावे.

सगळे शांत असेल तर एकेक अक्ष बोटभर सरकवावा. दिशा बरोबर आहे का, पडद्यावर १० दाखवले तर पट्टीने मोजूनही तितकेच आहे का, हे पाहावे. नंतर हद्दीचे स्विच हाताने दाबून अलार्म येतो का पाहावे. मग हळू वेगाने घरच्या बिंदूला पाठवावे. तो बिंदू पूर्वीच्या जागी आला नाही तर टरेटच्या हद्दी त्या चुकीच्या बिंदूपासून मोजल्या जातील आणि हद्द असून नसल्यासारखी होईल. त्यानंतर टरेट एकेक घर फिरवावा.

स्पिंडल शेवटी. प्रथम शंभर-दोनशे फेऱ्या. पडद्यावरचा आकडा आणि टॅकोमीटरचा आकडा जुळतो का पाहावा. जास्तीत जास्त फेऱ्यांची मर्यादा चकवर कोरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त नाही ना, हे स्वतः वाचून खात्री करावी. मर्यादेबाहेर फिरलेल्या चकची पकड सुटते आणि जॉब गोळीसारखा बाहेर येतो. इथे नुसत्या मशीनचा नाही, माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.

एवढे झाल्यावर डायल गेज लावून बॅकलॅश मोजावा, हत्यारांचे ऑफसेट नव्याने घ्यावेत, आणि प्रोग्रॅम एकदा हत्यार जॉबपासून दूर ठेवून चालवावा. मग स्वस्तातला एक तुकडा लावून मापे तपासावीत. ओतीव जॉब गिऱ्हाइकाचा असतो. त्यावर प्रयोग करू नये.

बेणे राखून ठेवावे, तसे आकडे राखावेत

आपण बेणे मळा का करतो? चांगल्या उसातलेच बेणे वेगळे राखले नाही तर दोन-चार वर्षांत जातीची शुद्धता जाते आणि मग कुठून आणायचे ते कळत नाही. मूलभूत, पायाभूत, प्रमाणित अशा तीन पायऱ्या त्यासाठीच आहेत. पॅरामीटरचेही तसेच. मशीन धडधाकट चालत असते तेव्हाचे आकडे हेच शुद्ध बेणे. ते आजच उतरवून ठेवावे.

तीन प्रती कराव्यात. एक कागदावर छापून कॅबिनेटच्या खिशात, प्लास्टिकच्या पिशवीत. दुसरी घरी, जमिनीच्या कागदांच्या पेटीत. पूर आला तर शेडातली प्रत शेडाबरोबर जाते. तिसरी संगणकावर किंवा पेन ड्राइव्हवर. संगणक नसेल तर निदान प्रत्येक पानाचे स्पष्ट फोटो काढून ते दोन मोबाईलवर ठेवावेत. प्रत्येक प्रतीवर मशीनचा अनुक्रमांक आणि तारीख घालावी. मोटर बदलली, टरेट उघडला, बॅकलॅश नव्याने घातला, की नवी प्रत काढावी आणि जुनीवर 'जुनी' असे लिहावे. मशीनपाशी एक वही टांगून सेल बदलल्याची तारीख तिच्यात लिहावी.

कोणते काम घरी करावे आणि कोणते करू नये, हेही ठरवून ठेवावे. सेल बदलणे, आकड्यांची प्रत काढणे, यादी शोधणे, हे घरच्या शिकलेल्या पोराने शिकून घ्यावे. स्लाइड आपोआप सरकणे, स्पिंडलच्या ड्राइव्हचा दोष, एन्कोडरच्या घरच्या बिंदूची जुळणी, कायमच्या स्मृतीचीच चिप बिघडणे, ही कामे अनुभवी इंजिनिअरचीच. तो आला की त्याच्या हाताकडे नुसते बघत न राहता काय बदलले ते वहीत लिहून घ्यावे.

जुने मशीन विकत घेणाऱ्या सभासदांनी एवढे करावे. पैसे देण्यापूर्वी मशीन चालू करून पाहावे. पडद्यावर 'बॅट' दिसते का, खिशात यादी आहे का, यादीवरचा अनुक्रमांक आणि पाटीवरचा अनुक्रमांक एकच आहे का, हे तपासावे. मशीन हलवण्यापूर्वी, ते जुन्या जागी चालू असतानाच, सगळ्या आकड्यांची प्रत घ्यावी आणि सेल बदलून घ्यावेत. ट्रकवर चढलेल्या मशीनला वाटेत वीज नसते. नव्या जागी फाउंडेशन आणि वीज जोडणीत महिना जातो, आणि तो महिना त्या तीन सेलांना काढायचा असतो.

ज्या सभासदांच्या घरी असे मशीन आहे त्यांनी हा अंक घरातल्या पोरांच्या हाती द्यावा आणि या आठवड्यातच मशीनच्या पडद्याची खालची कड पाहायला सांगावे. अक्षरे दिसत असतील तर आधी आकड्यांची प्रत, मग वीज चालू ठेवून नवे सेल. सेलांचा खर्च फार नाही.

आपला,
ऊस विकास अधिकारी